उतरंडीमागचं भोक

फोटोत जांभ्या दगडाची भिंत होती आणि तिच्यात, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, एक भोक. हात आत जाईल एवढं. खाली मेसेज होता : 'बेटावरच्या दोन लाईटकीपर क्वार्टरांमधल्या भिंतीत हे सापडलं. मूळ बांधकामातलं आहे की नंतरचं? कुणाला माहीत असल्यास कळवा. सोमवारपासून गिलावा सुरू करतोय.'

मी प्लांटच्या कॅन्टीनमध्ये चहा पीत होतो. कुणाला काही विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. त्या ग्रुपवर आम्ही सगळी जुन्या लाईटकीपरांची मुलं आहोत, आणि त्या बेटाचा जाणकार म्हणून सगळे माझ्याकडे बघतात. मी लिहिलं : 'मूळ बांधकामातलं नाही. पाईपसाठी नंतर कुणीतरी फोडलेलं असावं. मूळ रूप राखायचं असेल तर चुन्यात बुजवून टाकावं.' काम बघणाऱ्या आर्किटेक्ट ताईंनी अंगठा पाठवला. मी समाधानानं चहा संपवला.

वडील कोकण किनाऱ्यासमोरच्या त्या बेटावर लाईटहाऊसचे हेडकीपर होते. आता तिथला दिवा आपोआप लागतो, माणूस लागत नाही. रिकामी क्वार्टर्स पडायला आली होती. ती दुरुस्त करून तिथं छोटं संग्रहालय करायचं ठरलं, तेव्हापासून मी त्या कामाला लागलो होतो. पत्रं लिहिली, फोटो जमवले, भिंग फिरवणारं यंत्र कसं होतं त्याचं चित्र काढून पाठवलं. भोपाळमध्ये बसून समुद्राचा वारसा जपणारा मी एकटाच असेन. एका वर्षी गणपतीत आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मी थर्माकोलचं लाईटहाऊस उभारलं होतं. एक गृहस्थ बराच वेळ ते न्याहाळून म्हणाले, "बड़े तालाब के लिए बनवा रहे हैं क्या, भाई साहब?" सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं होतं.

या सगळ्यात एक गोष्ट मी कधी नीट पाहिली नव्हती. मी त्या बेटावर राहिलोच नाही. शाळेसाठी मला मामाकडे ठेवलं होतं. मी बेटावर जायचो तो फक्त मे महिन्यात, होडी चालू असताना. माझं बेट म्हणजे आंबे, गार वारा आणि वडिलांबरोबर मनोऱ्याच्या गोल जिन्यावरून वर जाणं. जून लागायच्या आत मला परत पाठवलं जायचं, आणि मग होडी बंद व्हायची ती पार गणपतीपर्यंत. ते महिने मी एकदाही बघितले नाहीत. ते आईनं बघितले.

आई आता माझ्याकडे असते, कोलार रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर. आधी आम्ही पिपलानीत प्लांटच्या क्वार्टरमध्ये होतो. तळमजला, पुढं अंगण, पेरूचं झाड, आणि कुंपणाजवळ उभं राहिलं की येणारा-जाणारा कुणी ना कुणी आईशी बोलायचा. वडील त्याच अंगणात खुर्ची टाकून बसत, तिथंच त्यांचे शेवटचे दिवस गेले. मग मी स्वतःचं घर घेतलं. चाळिशी उलटलेल्या माणसाला स्वतःचं घर हवं असतं, एवढंच त्याचं कारण. आईच्या गुडघ्यांचा विचार मी केला होता, म्हणजे लिफ्ट आहे असं मनाशी म्हटलं होतं.

लिफ्ट उन्हाळ्यात बंद पडली. आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, आणि मजल्यावरच्या दोन घरांनी आलटून पालटून पंप बघायचा असतो. एका दिवशी पंप चालूच राहिला, टाकी भरून वाहिली, पाणी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं. पाळी कुणाची होती यावरून शेजारच्या फ्लॅटवाल्याशी माझं कडाक्याचं भांडण झालं. तो बँकेत आहे, माझ्याच वयाचा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो सगळ्यांसमोर म्हणाला, "इंजीनियर साहब को समंदर के अलावा कुछ दिखता कहाँ है." त्या दिवसापासून दोन्ही घरांची दारं एकमेकांना मिटली.

बायको शाळेत शिकवते, मी प्लांटवर असतो. आईला चक्कर यायची, म्हणून आम्ही जाताना बाहेरून कुलूप लावायला लागलो. म्हणजे मी लावायला लागलो. ती चुकून जिन्यावर गेली तर काय, असं मी सगळ्यांना सांगायचो, आणि ते खरंही होतं.

आमच्या स्वयंपाकघराची आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी एकाच डक्टमध्ये उघडते. मध्ये हाताच्या दीड-दोन लांबींचं अंतर. एका शनिवारी मी लवकर घरी आलो तर आई तिथं उभी राहून बोलत होती. पलीकडून शेजाऱ्याच्या आईचा आवाज येत होता.

"आज क्या बनाया, बहनजी?"

"तुरई. और आपने?" पलीकडून उत्तर आलं.

"मैंने भाकरी डाली. आटा अच्छा नहीं था, तुटती है."

मी आईला म्हणालो, "त्यांच्याशी बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"तू तुझ्या शेजाऱ्याशी नको बोलूस," आई म्हणाली. "ती म्हातारी कुठं पंप चालवते?"

पुढच्याच आठवड्यात मी जवाहर चौकातून दुधी रंगाची प्लॅस्टिकची शीट आणली आणि खिडकीवर स्क्रूनं बसवली. कबुतरांसाठी, असं मी सांगितलं. कबुतरं होती, घाण करत होती, त्यात खोटं काही नाही. पण शीट का बसवली हे मला माहीत होतं, आणि आईलाही.

तर तो फोटो. रविवारी सकाळी आई टेबलाशी मेथी निवडत होती. तिला बरं वाटेल म्हणून मी फोन तिच्यापुढे धरला.

"बघ, आपलं बेटावरचं स्वयंपाकघर. हे भोक तुझ्या वेळी होतं का गं?"

तिनं फोन हातात घेऊन लांब धरला, मग जवळ आणला. बोटानं फोटो मोठा करायला तिला येत नाही, तो मी केला.

"भिंत तीच आहे," ती म्हणाली. "ह्याचं काय करणार?"

"बुजवणार. मीच सांगितलं तसं. कुणीतरी फोडून ठेवलंय नंतर."

आईनं फोन टेबलावर पालथा ठेवला. मेथीची जुडी तशीच सोडून खोलीत गेली. जेवायला बोलावलं तर म्हणाली, भूक नाही.

बायको माझ्याकडे बघत होती. "अहो, सगळ्या जगाला तुम्ही लाईटहाऊस समजावून सांगता," ती म्हणाली, "एकदा त्यांना विचारलंत का, तिथं कसं होतं ते?"

"विचारलंय की. किती वेळा."

"तुम्ही विचारता, 'मजा यायची ना गं आई?' त्याला त्या काय म्हणणार?"

मी आईच्या खोलीत जाऊन बसलो. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मग ती तशीच, मागं न वळता म्हणाली, "ते मी फोडलं."

मला कळेना.

"म्हणजे सुरुवात तिनं केली. पलीकडून."

पलीकडे दुसरे कीपर आणि त्यांची बायको राहत. त्यांना मी मे महिन्यात पाहिलं असणार, पण मला त्यांच्याबद्दल एवढंच आठवतं की त्या मला लाडू द्यायच्या. आई त्यांना वहिनी म्हणायची, जरी त्या तिच्याहून पुष्कळ लहान होत्या, नुकत्या लग्न होऊन आलेल्या.

आईनं सांगितलं ते असं. वरचं भिंग फिरत ठेवायला एक वजन असायचं. घड्याळाला चावी देतात तसं ते वजन हँडल मारून ठराविक वेळेनं वर घ्यावं लागे. नाहीतर भिंग थांबे, आणि जहाजाला लुकलुकणाऱ्या दिव्याऐवजी कुठला तरी भलताच दिवा दिसे. एका पावसाळ्याच्या सुरुवातीला, दोघांच्या वॉचची, म्हणजे पाळीची, अदलाबदल होताना, भिंग थांबलं. थोडाच वेळ थांबलं, कुठलं जहाज आपटलं नाही, काही नाही. पण पाळी कुणाची होती? वडील म्हणाले दुसऱ्याची, दुसरा म्हणाला वडिलांची. होडी बंद झालेली. पाऊस संपल्यावर साहेब चौकशीला येणार, तोवर दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. आणि वडिलांनी आईला सांगितलं, भिंतीपलीकडं एक शब्द जाता कामा नये. पलीकडंही तसंच सांगितलं गेलं.

"अख्खं बेट केवढं होतं ते तुला माहितीये," आई म्हणाली. "चार माणसं. त्यातली दोन एकमेकांशी बोलत नाहीत, आणि दोघींना बोलायची बंदी."

"तू ऐकलंस?"

"न ऐकून काय करणार होते? मी टाक्यावर पाणी काढायला गेले की ती परत फिरायची. ती कपडे वाळत घालायला आली की मी आत यायचे. हे रात्री जागायचे, त्यामुळं दिवसा झोपलेले. आवाज करायचा नाही. भांडं हळू ठेवायचं, खोकलासुद्धा पदरात. बाहेर समुद्र एवढा बोंबलतोय, आणि आत आम्ही मुक्या."

मला तिथला दिवसा झोपलेल्या घराचा शांतपणा आठवत होता. मला तो फार आवडायचा. मी त्यावर एकदा मंडळाच्या अंकात लिहिलंही आहे.

"मग एक दिवस उतरंडीमागं खरखर ऐकू आली," आई म्हणाली. उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी, कोपऱ्यात भिंतीला लागून. "मला वाटलं उंदीर. मडकी बाजूला केली तर दगडाच्या सांध्यातून माती पडत होती. ती पलीकडून उलथन्याच्या दांड्यानं सांधा उकरत होती, येडी. मी इकडून उकरायला लागले. जांभाच तो, ओलसर झालेला, निघतो हळूहळू. कितीतरी दिवस लागले आम्हाला. एक तुकडा सुटला आणि तिचा हात आला आत."

"मग?"

"मग काय. धरला मी तो."



"काय बोलायचात?"

"काय बोलणार? आज काय केलंस? भात. मी पण भात. डाळीत किडे झालेत का गं? झालेत. रोज तेच." आई आता माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं. "भाताशिवाय होतंच काय तिथं? पण विचारायचं. पाऊसभर विचारलं. झालं की मडकी परत लावून ठेवायची. ह्यांना कधी कळलं नाही. भिंत त्यांची, दिवा त्यांचा, मनोरा त्यांचा. ते भोक तेवढं आमचं होतं."

मी खिशातून फोन काढला. त्या आर्किटेक्ट ताईंना आत्ताच सगळं सांगायला हवं होतं. संग्रहालयात याच्याइतकी मोलाची दुसरी वस्तू असणार नाही, असं काहीसं मी बोललो. आई उठून बसली.

"कुणाला सांगायचं नाही."

"अगं पण का?"

"त्यांच्या नावाचा बोर्ड लागणारेय ना तिथं? तूच लिहून दिलास. खाली हे लावणार? बायकोला कोंडून घालणारा हेडकीपर? तसे नव्हते ते. तेवढा एक पाऊस तसे होते."

"मग बुजवू देत?"

"मी कुठं म्हटलं बुजवू देत?"

सांगितलं तर वडील जात होते, नाही सांगितलं तर भोक जात होतं. आणि ते जायची वेळ माझ्यामुळं आली होती. आई विचारल्याशिवाय कधी काही मागत नाही. मला आठवतं तसं तिनं माझ्याकडे आजवर एकच गोष्ट न विचारता मागितली, ती म्हणजे पिपलानीतून पेरूचं कलम, आणि ते मी गॅलरीत ऊन येत नाही म्हणून आणलं नाही.

"तुझं ते शेजाऱ्याचं," तिनं एकदम विचारलं, "पाळी कुणाची होती रे?"

मी उठून बाहेर आलो. फोन लावला. टेबलाशी बसून लावला, आई मागोमाग येऊन परत मेथी निवडायला बसली.

"ताई, माझी चूक झाली. ते भोक जुनं आहे. बुजवू नका, उघडंच ठेवा."

"अहो सर, होडी मिळाली म्हणून गवंड्यानं कालच हात घातला," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या क्वार्टरच्या बाजूनं भरून झालंय. तुमची बाजू राहिलीय."

"ओला आहे का चुना?"

"ओला असेल. निघेल. पण सर, कशासाठी होतं ते? भोक ठेवायचं तर काहीतरी नोंद हवी. तुम्ही परवा म्हणालात पाईप."

"पाईप नव्हता."

"मग?"

"ते... नक्की माहीत नाही."

"मग जुनं आहे हे कशावरून?"

मी आईकडे पाहिलं. ती मेथीची पानं खुडत होती, मान खाली. "घरातल्या मोठ्या माणसांनी सांगितलं," मी म्हणालो.

"आई ना? त्यांच्याशी बोलता येईल का मला?"

मी नाही म्हणायच्या आत आईनं हात पुसून फोन घेतला. तिला फोनवर मोठ्यानं बोलायची सवय आहे, समुद्राच्या वर आवाज काढायला लागतो तसं.

"बाई, ते वाऱ्यासाठी होतं. तेवढंच लिहा... हो, व्हेंटिलेशन. तेच... कुणी केलं ते नका लिहू. राहणाऱ्यांनी केलं म्हणा... आणि ऐका, पलीकडून पण मोकळं करा. एकाच बाजूनं उघडं ठेवून काही उपयोग नाही."

फोन माझ्या हातात देऊन ती परत मेथीकडे वळली. जेवली नव्हती, आता तिनं बायकोकडे वाटीभर वरणभात मागितला.

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेलो. स्क्रू गंजले होते, एकाचं डोकं मोडलं, पण शीट निघाली. डक्टमधून शिळ्या पाण्याचा वास आणि थोडा वारा आत आला. आई माझ्यामागं येऊन उभी राहिली.

समोर, शेजाऱ्यांच्या खिडकीवरही शीट होती. माझ्यासारखीच दुधी, बहुतेक त्याच दुकानातली. मी लावल्यावर त्यानंही लावली असणार. इतके महिने माझ्या शीटमुळं मला ती दिसलीच नव्हती.

मी हात धुतले आणि बाहेर जाऊन शेजारची बेल वाजवली.

त्यानं दार अर्धंच उघडलं. "जी?"

"वो किचन वाली शीट हमने निकाल दी है. आप भी निकाल देते तो... मेरी माँ को आपकी माताजी से बात करनी होती है."

"और कबूतर?"

"आने दीजिए."

तो हसला नाही. दाराला टेकून उभा राहिला. "साहब, सीधी बात. बारी आपकी थी. मीटिंग में सबके सामने मान लीजिए, मैं शीट निकलवा दूँगा."

वडिलांनी मरेपर्यंत भिंग थांबलं तेव्हा पाळी कुणाची होती हे सांगितलं नाही. आईला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. मला मात्र माझं माहीत होतं. त्या दिवशी मी प्लांटवरून दमून आलो, पंप चालू केला आणि सोफ्यावर डोळा लागला. मी हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. मीटिंगमध्ये तर मी तारखा मोजून दाखवल्या होत्या.

"थी," मी म्हणालो. "मेरी ही थी."

त्याला हे अपेक्षित नसावं. तो दारापासून सरळ झाला. "मीटिंग में बोलेंगे?"

"बोलूँगा."

"तो ठीक है. मीटिंग के बाद निकलवा दूँगा." आणि दार लावलं. शब्दाला पक्का माणूस आहे, त्यामुळं मीटिंगच्या आधी काढणार नाही, हेही मला कळलं.

मीटिंग व्हायची आहे. तारीख लागली की मला उभं राहून बोलायचं आहे, आणि ते वाक्य मी स्कूटरवरून जाता-येता मनात म्हणून बघतो. लिफ्ट बंदच आहे. कुलूप मात्र मी आता लावत नाही. किल्ली आईकडे असते. ती दार उघडून जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत जाते, खाली बघते आणि परत येते. तिथून पुढं तिला मी कसं नेणार, हे मला अजून सुचलेलं नाही.

बेटावरून फोटो आला. चुना खरवडून काढला आहे, भोकातून पलीकडच्या खोलीतला उजेड दिसतो. खाली छोटी पाटी : 'वायुवीजनासाठी, रहिवाशांनी केलेले.' आईनं तो फोटो मला मोठा करायला लावला.

काल दुपारी मी घरी होतो. आई खिडकीशी उभी होती. समोरच्या दुधी शीटमागं एक सावली येऊन थांबली, बुटकी, डोक्यावर पदर. सावलीनं शीटवर दोनदा टकटक केलं.

"आज क्या बनाया, बहनजी?" आई ओरडली.

पलीकडून काहीतरी आलं, पण प्लॅस्टिकमधून नुसताच घुमणारा आवाज.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"ऐकू आलं नाही," आई म्हणाली. "तुरईच असणार."